वनाला दिलेला उजेड

वना एस.टी.त कंडक्टर होता. थोरल्या बहिणीने, भिकुबाईने, त्याला आपली एक किडनी दिली आणि मुंबईला ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण नंतर बिनखिडकीच्या खोलीत वनाला दिवस-रात्र उमजेना. भ्रम झाला. तपासायला आलेल्या डॉक्टरांकडे त्याने सुटे पैसे मागितले, वर "पुढे सरका" म्हणून दमही भरला. भिकुबाई हे धुळ्यात भेटेल त्याला रंगवून सांगे.

पुढच्या हिवाळ्यात त्याला ताप भरला. धुळ्याच्या डॉ. बेडसेंनी त्याला आपल्या दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं. पुन्हा भ्रम होऊ नये म्हणून खाट पूर्वेच्या खिडकीशी लावली, सकाळी समोर फळीवर जोडलेल्या ट्यूबलाइट पेटवायच्या, रात्री मिट्ट अंधार.

"दिवस कुठला, रात्र कुठली, ते शरीराला कळलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

ट्यूबा लागल्या की भिकुबाई विचारी, "नवरदेव, वरात कव्हय निंघस?"

"थट्टा करू नको, अक्का."

"मन्ही किडनी शे तुन्हामा. मी करसूच."

एका सकाळी वना उठून बसला. "अक्का, खिडकीमा उंट शे."

दाराशी चहा ओतणाऱ्या भिकुबाईने किटली तशीच खाली ठेवली. थट्टा कुठल्या कुठे गेली. "डॉक्टरसाहेब! भाऊले परत व्हयनं!"

डॉक्टर धावत आले. "वनाभाऊ, आज वार कोणता?"

"बुधवार."

"आपण कुठे आहोत?"

"धुळ्यात. तुमच्या दवाखान्यात."

"आणि ह्या कोण?"

"अक्का. किडनी दिल्याचं रोज ऐकवते ती."

"मग उंट?"

"तोही आहे. बघा की."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. कुंपणापलीकडे काठेवाडी मेंढपाळांचा तांडा थांबला होता, आणि त्यांचा उंट मान लांबवून खिडकीजवळच्या कडुलिंबाचा पाला खात होता.

डॉक्टर हसू लागले. भिकुबाई मात्र खाटेवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"रडस काय?" वनाने विचारलं.

"माले भ्याव वाटनं."

वनाने तिचा हात धरून ठेवला.

ताप उतरला, भ्रम काही झाला नाही. ट्यूबांचा गुण की औषधांचा, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही; पण ती फळी त्यांनी जपून ठेवली.

घरी जाताना रिक्षात भिकुबाईने ना वरातीचं काढलं, ना किडनीचं. शेवटी वनालाच राहवेना.

"अक्का," तो म्हणाला, "काहीतरी बोल ना माले."