डावीकडं जाणारी जीप

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. खंडेनवमीचा दिवस आहे. पुंडलिकनगरातल्या मोकळ्या पटांगणात हार घातलेल्या गाड्या रांगेनं उभ्या आहेत, माणसं टाचा उंचावून पाहताहेत आणि त्या गर्दीत तुम्हीही आहात. तुमच्या शेजारी उभी आहे ती सातवीतली भानुमती. समोर आहे तिच्या बन्सीकाकाची जीप, आणि जीपशेजारी खुर्चीत चाकनाथ महाराज.

माणसांच्या आणि म्हशींच्या बाधा काढणारे पुष्कळ झाले, म्हणून हे महाराज फक्त गाड्यांच्या बाधा काढत.

"बापू, तुझा पुढचा डावा टायर एकाच कडंनं झिजतो, व्हय ना?"

"व्हय महाराज," बन्सीकाका चकित होऊन म्हणाला. "नवा घातला, त्योबी तसाच झाला."

"कवापासून?"

उत्तर काकाच्या आईनं, भागूबाई आजीनं दिलं. "ही सून घरात आली तवापासून!"

महाराजांनी डोळे फिरवले. "पायगुण! सुनेचा पाय वाकडा, म्हणून चाक वाकडं. माणूस खोटं बोलंल, माय, पर रबर खोटं बोलणार नाय!"

मग परीक्षा ठरली: जीप जिच्याकडं वळेल, तिचाच पाय वाकडा. महाराजांच्या चेल्यानं चुन्याची दोन रिंगणं आखली. डाव्या रिंगणात ती सून, बन्सीकाकाची बायको द्वारकाकाकू उभी राहिली, उजव्यात आजी. काकानं जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली, स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हात वर केले. जीप सरळ निघाली, मग हळूहळू डावीकडं वळली. ब्रेक लागला तेव्हा ती काकूच्या पुढ्यात होती.

"चाकनाथ महाराज की जय!"

"आजच हिला पिशोरला माहेरी सोडा," महाराज गरजले. "ठेवून घ्याल तर एक दिवस चाकच निखळंल!"

"सोडतो की," आजी म्हणाली. काका खाली बघत राहिला. काकूनं पदर तोंडाशी धरला. दिवाळीच्या सुट्टीत भानूला विहिरीत पोहायला शिकवणार होती ती.

रडून काकू घरात राहणार नव्हती. भानू पुढं झाली.

"महाराज, आजीला आणि काकूला जागा बदलू द्या."

"देवाची परीक्षा घेतीस, पोरी?"

"तुम्ही काकूची घेतलीच की! आता जीपची घेऊ."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. शेजारचे वैजनाथकाका म्हणाले, "बदला की महाराज. खरं असेल तर बदलूनसुद्धा खरंच राहील."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. काकू उजवीकडं गेली, आजी डावीकडं आली. काकानं पुन्हा स्टिअरिंग सोडलं. जीप निघाली आणि पुन्हा डावीकडं, थेट आजीकडं!

"आगं माय! थांबव की मुडद्या!"

हशा उसळला. महाराज घाईनं म्हणाले, "सुनेची सावली सासूत शिरली!"

"मग आता डावीकडं तुम्ही उभे राहा," भानू म्हणाली. "तुमच्यात कुणाची शिरते ते बघू."

महाराजांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

भानू जीपच्या डाव्या चाकाशी बसली. "काका, हात लाव. आतल्या कडेच्या खाचा खोल आहेत, बाहेरची कड गुळगुळीत आहे. का?"

शेजारी घराचं बांधकाम चाललं होतं. तिथून तिनं भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा मागून आणला. त्याची दोरी तिनं उजव्या चाकाच्या वरच्या कडेशी धरली. वजन स्थिर झालं, दोरी वर-खाली दोन्हीकडं चाकाला जवळजवळ टेकली. मग डाव्या चाकाशी धरली. वर टेकली, पण खाली बोट जाईल एवढी फट!

"म्हणजे हे चाक वरून बाहेर कललंय. सगळा भार बाहेरच्या कडेवर पडतो, म्हणून तीच झिजते. आणि कललेलं चाक जीपला आपल्या बाजूला ओढतं. तिथं काकू असो, आजी असो, नाहीतर नुसती दगड-माती."

काका जीपखाली शिरला. आतून आवाज आला, "आयला! हितली दांडी वाकलीय!" धुळीनं माखून तो बाहेर आला, पण त्याची नजर काकूकडं होती. "लग्नाचं वऱ्हाड लई कोंबलं व्हतं. पिशोरहून येताना जीप खड्ड्यात आदळली. हिला घरी आणली त्याच दिवशी."

"मग मला इतके दिवस का बोललात?" काकू पहिल्यांदाच बोलली. पदर खाली आला होता. "खड्ड्यात गाडी तुम्ही घातली आन् पाय माझा वाकडा?"

आजी पुटपुटली, "चल घरी, द्वारके."

"येते. पण आधी माझा पाय वाकडा नाही, हे सगळ्यांसमोर म्हणा."

आजीला ते म्हणावं लागलं.

मुलांनो, महाराजांची विद्या एवढीच. हार घालायच्या निमित्तानं चेला टायर बघून जाई, कुठली कड झिजली ते कानात सांगे आणि ज्या बाजूला गाडी ओढणार तिथं घरातली सून उभी केली जाई. टायर खरंच बोलतो. फक्त ऐकायला यावं लागतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्यच झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर चाक कललंय. सूनबाईचा त्यात कुठंच संबंध नाही. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीनं दुसरी घडवली, असं मानू नका. जागा बदलून बघा. मोजून बघा. विचारा.

लोक पांगू लागले, पण रांग संपली नव्हती. मागच्या टेम्पोजवळ आवडाबाई नावाची एक तरुण बाई मान खाली घालून उभी होती. आता तिची पाळी होती. चेला चुना घेऊन तिकडं निघाला.

भानू त्याच्या आधी पोचली. तिनं ओळंब्याची दोरी आवडाबाईच्याच हातात दिली आणि म्हणाली, "मावशी, चाकाशी धरा. तुम्हीच बघा."