झेलमहाराज आणि भोपळ्याचं पुण्य

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मागचे खुर्च्यांवर उभे, त्यांच्या मागचे खिडक्यांना लटकलेले. स्टेजवर काळ्या पडद्यापुढे झेलमहाराज छाती काढून उभे. चेल्याने रिव्हॉल्व्हर रोखलं, धडाड आवाज झाला, धूर झाला, निम्म्या हॉलने डोळे मिटले. उघडून बघतात तर महाराज जागच्या जागी, आणि मुठीत गोळी. म्हणे झेलली. पोरं चेंडू झेलतात तशीच, फक्त महाराजांना पळावं लागत नसे.

"गोळी म्हणजे काय, बाळांनो?" महाराज म्हणाले. "शिसं. शिसं म्हणजे धातू. धातू म्हणजे धरतीचं लेकरू. लेकरू कधी बापाच्या अंगावर जातं का?"

ज्यांची लेकरं घरी रोज अंगावर येत होती, तेही माना डोलवत होते.

मग झेललेल्या गोळ्या ताइतात भरून वाटायच्या. फुकट नव्हे, पण महाराज त्याला वाटणंच म्हणत. ताईत गळ्यात असला की माणसाला गोळी लागत नाही, ही महाराजांची गॅरंटी. ज्याला लागेल त्याने येऊन तक्रार करावी.

मधल्या रांगेत मांडीवर पिशवी धरून ताई बसली होती. सरकारी प्रयोगशाळेत बंदुका आणि हत्यारांच्या खुणा तपासता तपासता तिचे केस पिकले होते. ही गोळी याच बंदुकीतून सुटली का, हे कुलूप याच पहारीने फोडलं का, असं पोलीस विचारायचे आणि ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगायची. असल्या तमाशाला ती फिरकली नसती. आली ती धाकट्या भावासाठी.

भाऊ बँकेच्या पैशांच्या गाडीवर गार्ड. मागच्या आठवड्यात भावजयीचा फोन आला होता. आवाज रडवेला. "वन्सं, यांनी बुलेटप्रूफ जॅकेट कपाटात टाकलंय. ताईत असताना ते ओझं कशाला, म्हणतात. तुम्हीच काहीतरी सांगा."

ताईने सांगितलं, मग रागावली. भावाने हसून उडवून लावलं. तुझं शिक्षण तुला लखलाभ, म्हणाला, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. गाडी लुटायला टपलेली माणसं काही ताईत बघून हात जोडणार नव्हती. पण हे त्याला कोण पटवणार? शेवटी भांडण सोडून तिने ताईतच मागून घेतला. भाऊ देताना बजावत होता, सांभाळ हो, गोळीवर बंदुकीच्या नळीच्या रेघासुद्धा आहेत.

रेघा होत्या खऱ्या. तिथेच चेल्याला शहाणपणा नडला. रिव्हॉल्व्हरच्या नळीला आतून पीळ असतो. गोळी त्यातून भोवऱ्यासारखी गरगरत सुटते, म्हणून तिच्यावरच्या रेघा तिरक्या पडतात. चेला पूर्वी भावाबरोबरच गार्ड होता. या दोघांनी जन्मभर खांद्यावर वागवली ती छऱ्याची बंदूक, आतून गुळगुळीत. पीळ कशाला म्हणतात हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. त्याने आपल्या कानशीने सरळ उभ्या रेघा ओढल्या, वहीला समास आखावा तशा. शिवाय गोळीच्या कमरेला पकडीच्या दातांचे चावे होते आणि त्यांत एक दात तुटका. भावाच्या गार्ड दोस्तांचे ताईत मागवले, तर प्रत्येक गोळीला तोच तुटका दात चावलेला. म्हणजे गोळ्या काडतुसातून पकडीने उपटलेल्या. महाराजांनी इतक्या झेलल्या, पण एकही कधी बंदुकीतून सुटलेली नव्हती.

भावाला हे सगळं समजावलं, तर तो म्हणाला, "रेघांचं मला कळत नाही, ताई. गोळी सुटताना मी बघितलीय."

म्हणून आज ती आली होती. उठली, स्टेजवर गेली आणि पिशवीतून भोपळा काढून टेबलावर ठेवला. भोपळ्याला तिने भावाचा ताईत बांधला.

"महाराज, तुमचीच बंदूक, तुमचाच चेला. या भोपळ्याला गोळी घाला. वाचला तर माझी शंका मिटली."

अशी फुकटची जाहिरात कोण सोडतो? कृपा भोपळ्यालाही पुरून उरेल, असं म्हणत महाराजांनी हात वर केला. सवयीप्रमाणे ताईने आजूबाजूच्या माणसांना लांब केलं. धडाड. भोपळा शाबूत. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. दोघी-तिघी तर भोपळ्याच्या पाया पडायला निघाल्या. पहिल्या रांगेत गार्ड दोस्तांबरोबर बसलेला भाऊ बहिणीकडे बघत होता, आता काय म्हणशील, असं.

ताईने ताईत सोडला आणि सगळ्यांसमोर उघडला. आतून निघालं कोटाचं बटण.

"तुझी गोळी माझ्या पर्समध्ये आहे, बाळा," ती भावाला म्हणाली. "मग भोपळा वाचवला कुणी? बटणाने?"

ताईने भोपळ्याच्या सालीवरचा चपटा ठिपका नखाने खरवडून काढला. मेण होतं. महाराजांमागच्या काळ्या पडद्याला एक भोक नव्हतं, पण त्याच मेणाचे शिंतोडे होते. मग तिने उलगडून सांगितलं. लोकांना दाखवायला खरं काडतूस, बंदुकीत घालायला दुसरं. दुसऱ्यातली गोळी उपटून जागी मेण भरायचं, वर शिशाचा रंग द्यायचा. बार होतो, धूर होतो, मेण फुटून विखुरतं. आणि उपटलेली गोळी आधीपासूनच महाराजांच्या मुठीत.

"भोपळ्याचं पूर्वपुण्य..." महाराजांनी सुरुवात केली, पण तोवर भाऊ स्टेजवर चढला होता. त्याने चेल्याच्या हातून रिव्हॉल्व्हर घेतलं, उरलेली काडतुसं तळहातावर ओतली आणि एकाच्या टोकाला नख लावलं. लोण्यात जावं तसं रुतलं. त्याने ते काडतूस खाली पहिल्या रांगेतल्या गार्डाकडे दिलं, त्याने पुढच्याकडे. महाराज मागच्या दाराने निघाले. तिथे पोलीस उभे होते, ताईनेच बोलावलेले.

घरी जाताना भाऊ एवढंच म्हणाला, "उद्या रोकड घेऊन जायचंय, ताई. आम्ही सगळे जॅकेटाशिवायच जाणार होतो."

सकाळी जॅकेट घालताना उकाड्याला त्याने शिव्या घातल्या. भावजयीला त्या ओव्यांसारख्या गोड लागल्या.

तर मंडळी, डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं, असं काही नसतं. जादूवाल्याचं पोट आपल्या डोळ्यांवरच चालतं. चमत्कार दिसला तर आधी हात जोडू नका, आधी तो हातात घेऊन बघा. कुणी बघू दिला नाही, तर तेवढंच उत्तर पुरे समजा. कारण खरी गोळी सुटते तेव्हा ती समोरच्याची श्रद्धा विचारायला थांबत नाही.