विकराला काना नसतो

माझ्या धाकट्या भावाला, टिल्लूला, एरवी इंजेक्शन आईच देते. पण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि बाबा फिरतीवर, म्हणून आज मी देणार होते! नर्सताईंनी माझ्याकडून संत्र्यांना टोचून टोचून सराव करून घेतला आणि काल म्हणाल्या, "पास!" मी तर हवेतच. फ्रिजमधल्या औषधाच्या डब्यावर ऐटीत चिठ्ठी चिकटवली: 'विकर'. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात एन्झाइमला हाच शब्द आहे.

तिथेच माशी शिंकली. टिल्लू पहिलीत आहे, दिसेल ते वाचत सुटतो. चिठ्ठी वाचली आणि थेट पांघरुणात घुसला.

"मला नको! मला विकार आहे असं डॉक्टरकाका म्हणाले होते. आहे तेवढा पुरे की! आणखी कशाला टोचता?"

मला फिस्सकन हसू आलं. मग पांघरूण थरथरताना दिसलं आणि मी हसू आवरलं. हे इंजेक्शन चुकवून चालतच नाही.

मी चिठ्ठी काढून आणली. "टिल्लूशेठ, नीट वाचा. 'क'ला काना आहे?"

एक डोळा बाहेर आला. "...नाही."

"काना असला की आजार, नसला की औषध. तुझ्या शरीरात एक विकर नीट बनत नाही, म्हणून रक्तवाहिन्यांत चुना साठतो."

"मला चुना कोणी लावला?"

"कोणी नाही रे, माकडा! पेशींच्या बाहेर काही रेणू फिरत असतात. हे विकर कात्रीसारखं त्यांचे तुकडे करतं. त्यातलाच एक तुकडा चुन्याला बसू देत नाही."

"कात्री टोचणार?"

"दिसणारसुद्धा नाही एवढीशी. माणसाचंच विकर आहे, फक्त कारखान्यात, टाकीत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेतलेलं."

त्याने पांघरूण बाजूला सारलं. "आई टोचते तेव्हा मी तिचा कान धरतो."

"मग धर माझा."

त्याने धरला, चांगला पिरगळून. कान तसाच त्याच्या हातात ठेवून मी सुई उचलली. संत्रं कधी कान धरत नाही! श्वास रोखला आणि टोचलं.

"झालं?"

"झालं."

"आईपेक्षा कमी दुखलं," तो कुजबुजला. "पण तिला सांगू नकोस हं, वाईट वाटेल."

आई दारातच उभी होती. ती चटकन वळली आणि स्वयंपाकघरात जाऊन डाव्या हाताने उगाचच भांडी वाजवायला लागली.