धुऱ्यावरचा म्हातारा

सदाशिवरावांचा आवाज चौथ्या रांगेच्या पलीकडे जात नव्हता. हे मंडळात सगळ्यांना कळलं होतं. त्यांना सांगायचं कोणी, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

उमरखेडच्या हौशी नाट्यमंडळाच्या नव्या नाटकाचं नाव होतं 'पांदण'. पांदणीवरून, म्हणजे शेतात जायच्या वाटेवरून, दोन घरं भांडतात, भांडण कोर्टात जातं आणि दोन्ही घरांची पोरं म्हातारी होईस्तोवर तिथंच पडून राहतं, अशी गोष्ट. नाटक दीपमालाने लिहिलं होतं आणि तीच ते बसवत होती. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचं आणि संध्याकाळी तालमीला यायचं, हा तिचा नेम होता. नाटकात सगळ्यात मोठं काम वकिलाचं. ते रवीकडे होतं. रवीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तोंड चालू असल्याशिवाय त्याचे हात चालत नाहीत, असं गिऱ्हाईकं म्हणत. वकील त्याला पाठ झाला होता. आणि मग सदाशिवराव जवळच्याच ढाणकीला आले.

सदाशिवराव म्हणजे टीव्हीवरचे तात्या. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेत त्यांनी बारा-तेरा वर्षं मोठ्या घरातले आजोबा केले होते. मालिकेत तात्या वारले, तसे सदाशिवराव मोकळे झाले आणि थंडीपुरते मोठ्या बहिणीकडे, विमलताईंकडे, येऊन राहिले. बातमी आणली उकंडाने. पडदा, दिवे, सेट आणि वेळ पडली तर एखादा म्हातारा, असं मंडळातलं पडेल ते काम उकंडा करतो. मंडळ ढाणकीला गेलं, शाल-श्रीफळ दिलं आणि वकील कराल का म्हणून विचारलं. सदाशिवराव म्हणाले, "आनंदाने."

रवीने काम स्वतःहून सोडलं. "त्याईचं नाव लागलं तं सभागृह भरते, ताई. माह्यं काय, मी पुढच्या साली करीन," असं म्हणाला आणि दोन दिवस तालमीकडे फिरकला नाही. गावभर पोस्टर लागली. त्यांवर सदाशिवरावांचा चेहरा एवढा मोठा की नाटकाचं नाव त्यांच्या गळ्याखाली गेलं.

तालमीत मात्र वेगळंच दिसू लागलं. कॉलरला माईक लावल्यासारखं सदाशिवराव हळू बोलत. एक वाक्य झालं की थांबत. पुढचं आठवण्यासाठी असेल किंवा सवयीने असेल, पण थांबत, आणि नजर किंचित डावीकडे, जिथे कधीकाळी कॅमेरा असावा तिथे, नेऊन ठेवत. समोरचा बोलू लागला की मात्र चेहऱ्यावर असं काही उमटे, की बोलणारा स्वतःची वाक्यं नव्याने ऐकल्यासारखा चाचरे. दीपमालाला एक गोष्ट स्वच्छ कळली. त्यांचं तोंड बंद असलं की नाटक सुरू होत होतं आणि उघडलं की बंद पडत होतं.

"शेवटच्या रांगेत बसून पाह्यलं म्या," उकंडा तिला म्हणाला. "वकीलसाहेब केस लढून राह्यले का पार्टीची समजूत घालून राह्यले, काही समजत नाही."

"मग तूच सांग त्यांना."

"मी पडदा पाडतो, ताई. माणूस पाडाचं काम तुमचं."

प्रयोग आठवड्यावर आला होता. सांगावं तर एवढा मोठा माणूस गावात, आपल्या लोकांदेखत, खाली पडणार. न सांगावं तर भरलेल्या सभागृहात पडणार, आणि त्यांच्यासोबत तिचं नाटकही. रविवारी सकाळी तिने ढाणकीची एसटी धरली.

गाडीत शेजारी सुखीबाई नावाची म्हातारी बसली होती. दीपमाला कुठे चालली हे तिने उमरखेडचा स्टँड सुटायच्या आत काढून घेतलं.

"तात्याकडं?" ती म्हणाली. "त्याले राजा करा वो बाई. बारा वर्षं बिचाऱ्याले निरा पांढरं धोतर नेसवलं. जरीची टोपी तरी पाहू द्या आमाले."

"कायचा राजा?" तिकिटं फाडता फाडता कंडक्टरने तोंड घातलं. "फौजदार करा, मॅडम. तात्यानं एकदा तरी कोणाच्या कानाखाली काढावी, एवढी माही इच्छा हाय. त्या मोठ्या सुनेले तं काढाचीच होती."

मागच्या बाकावरून कोणीतरी डाकू सुचवला. त्यावर बरीच चर्चा झाली आणि सदाशिवरावांना घोड्यावर बसता येतं का, इथवर गेली.

दीपमाला खिडकीबाहेर बघत होती. तुरीला शेंगा धरल्या होत्या. तिच्याही मनात तेच चाललं होतं, फक्त तिचे राजे आणि डाकू वेगळे होते. या माणसाला जे येतं, नेमकं तेच मागणारं काम कोणतं? एसटी स्टँडवरचा चौकशीच्या खिडकीतला माणूस. दिवसभर गाव त्याच्यापुढे येऊन गाडी विचारतं आणि गाडीसोबत घरचंही सांगून जातं. नाहीतर सोयरीक मोडते त्या बैठकीतला मुलीचा मामा. दोन्हीकडचे तावातावाने बोलतात आणि हा भिंतीला टेकून एकेकाचं तोंड बघतो. नाहीतर गावचा न्हावी, ज्याच्यापुढे मान वाकवली की कोणी खोटं बोलत नाही. एकेक माणूस तिला सदाशिवरावांच्या चेहऱ्यानिशी दिसत होता. अडचण एवढीच, की यातला एकही 'पांदण'मध्ये नव्हता.

विमलताई अंगणात सुपाने तुरीची डाळ पाखडत होत्या. सदाशिवराव ओसरीवरच्या बाजेवर नाटकाचे कागद मांडीवर घेऊन बसले होते.

"ये बाई, बस," विमलताई म्हणाल्या. "सकाळपासून हा कागदायकडं पाहून राह्यला अन् कागद याच्याकडं."

सदाशिवरावांनी चष्मा काढला. "या, या. आज तर तालीम नाही. मग इकडे कशा?"

येताना जुळवलेलं पहिलं वाक्य दीपमालाला सापडेना. तिने दुसरंच धरलं. "सर, गाडीत विचार करत होते. तुमच्यासाठी नाटक लिहायचं तर कोणतं काम लिहावं?"

"बरं?" त्यांनी कागद बाजूला ठेवले. जरा लगबगीनेच ठेवले.

तिने चौकशीच्या खिडकीतला माणूस सांगितला. ते पुढे झुकून ऐकत होते. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा बोलतो किती?"

"फारसं नाही. गाडीची वेळ सांगतो तेवढंच."

"छान आहे. आणखी?"

तिने मामा सांगितला.

"आणि हा किती बोलतो?"

"नाहीच. शेवटी चहाचा कप न पिता खाली ठेवतो."

"वा," सदाशिवराव म्हणाले. "काय काम आहे. न पिता ठेवतो. वा."

न्हाव्याच्या वेळी त्यांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा दीपमाला थांबली. गणिताच्या बाईला उत्तर दिसलं होतं, पण उत्तरावर विश्वास बसत नव्हता.

"सर, तुम्ही सारखं हेच का विचारता?"

त्यांनी हातातला चष्मा कागदांवर ठेवला. मग मुंबईची भाषा त्यांच्या तोंडातून अंगरख्यासारखी गळून पडली. "तुमचा वकील किती बोलते, ठाऊक हाय का तुमाले? मले रात्री झोप नाही लागत, बाई. टीव्हीचं कसं असते, मेकअपच्या खोलीत दोन पानं हाती देतात. पाठ कराचं, बोलाचं अन् संध्याकाळी विसराचं. नाही विसरलं तं दुसऱ्या दिवशीचं बसत नाही. इतकी वर्षं मी विसराचंच काम केलं. आता काही राह्यतच नाही."

"मग हो काहून म्हटलं तुम्ही?"

"शाल घेतल्ती ना अंगावर." ते खाली बघून म्हणाले. "निकिताले, माह्या पोरीले, सांगून ठेवलं होतं. परवा फोन कर, शूटिंग लागलं म्हन, ताबडतोब बोलावते म्हन."

विमलताईंचं सूप थांबलं. "लबाडा. अन् झोप काहून येत नाही तं मले म्हणे बीपी वाढलं."

दीपमालाला हसू येत होतं आणि तिने ते आवरलं, कारण तिचं सांगायचं अजून बाकी होतं. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही. "सर, मीपण तेच सांगायला आले होते. वकील तुम्ही नका करू. पाठांतराचं सोडा, तुमचा आवाज मागं पोचत नाही."

सूप पुन्हा सुरू झालं नाही. सदाशिवरावांनी चष्मा घातला, तिच्याकडे बघितलं.

"कुठपर्यंत पोचते?"

"चौथ्या रांगेपर्यंत."

"चौथ्या?" ते म्हणाले. "मले तं दुसरीच वाटे."

मग तिघंही हसले. विमलताई उठून चहा ठेवायला आत गेल्या आणि आतूनही त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. दीपमालाने पाठ खांबाला टेकवली.

पण पोस्टर भिंतीवर होतीच. सदाशिवराव नाहीत म्हटल्यावर अर्धं सभागृह रिकामं राहणार. तिने ते बोलून दाखवलं.

"मी स्टेजवर येतो ना," सदाशिवराव म्हणाले. "पळून नाही जात. पण मले एक हौस हाय. मले अख्ख्या नाटकात बसू द्या. एवढ्या वर्षांत टीव्हीवरच्या त्या घराची गोष्ट कुठून कुठं गेली, मले नाही समजलं. महिन्यातून चार-दोन दिवस बोलवत. कोणत्या सुनेनं काय केलं, विमलबाई फोनवर सांगे. तात्या मेले, हेही मले केस विंचरणाऱ्या पोरीनं सांगितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक गोष्ट मले बसून पाहाची हाय."

'पांदण'च्या शेवटच्या प्रवेशात एक म्हातारा होता. मोजणीवाले येतात, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या म्हाताऱ्याला विचारतात, इथून वाट होती काय? तो म्हणतो, "वाट होती. तुमी चालले नाही." एवढंच. हे काम उकंडा करायचा, आणि ते संपलं की पडदा ओढायला पळायचा.

"तो म्हातारा," दीपमाला हळूच म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर तो उठून जाईल. "सर, तो शेवटी कशाला यायला पाहिजे? तो पहिल्यापासून धुऱ्यावर बसलेला असू द्या. पडदा उघडतो तेव्हापासून. दोन्ही घरचे त्याच बांधावरून जातात-येतात. जे लोकांकडं तोंड करून बोलतात, ते त्याला सांगतील. वकीलसुद्धा. नाटकातलं एक वाक्य बदलावं लागत नाही, फक्त तोंडं फिरवायची."

"अन् म्हातारा काय करते?"

"ऐकते."

"हे जमन त्याले," चहा घेऊन आलेल्या विमलताई म्हणाल्या. "माह्यं जावेसंग भांडण झालं, तईही हा इथीच बसून होता. दोघीचंही ऐकलं. एक शब्द म्हणून बोलला नाही मेला."

"फोटो एवढा मोठा अन् बोलाले एक वाक्य," सदाशिवराव म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. "लोक शिव्या देतीन."

"सर, नाटकभर सलग स्टेजवर दुसरं कोणीच नाही. तुम्ही एकटेच पहिल्यापासून शेवटपर्यंत आहात. याहून मोठं काम माझ्याकडं नाही."

त्यांनी तिच्यासमोरच मुलीला फोन लावला आणि परवाचं शूटिंग रद्द झाल्याचं कळवलं. दीपमालाने दुसरा फोन रवीला लावला.

"रवी, वकील आहे काय ध्यानात अजून?"

"ताई, विसराचा लय प्रयत्न केला," रवी म्हणाला. "नाही विसरता आला."

सोमवारच्या तालमीला उकंडाने मातीने भरलेल्या पोत्यांचा धुरा रचला, वर गोणपाट टाकलं. आपलं काम गेल्याचं त्याला वाईट वाटलं असेल म्हणून दीपमाला काही बोलायला गेली, तर तो म्हणाला, "मेहेरबानी झाली, ताई. धुऱ्यावरून उठून दोरीपर्यंत पळता पळता माह्यं एक दिवस हाड मोडलं असतं."

दीपमाला शेवटच्या रांगेत जाऊन बसली. रवी आला तो सवयीप्रमाणे मागच्या भिंतीला ऐकवत आला. मग त्याला म्हाताऱ्याकडे वळावं लागलं. वळला आणि त्याच्या आवाजातली घोषणा गेली. आवाज तेवढाच, शेवटच्या रांगेत लख्ख ऐकू येणारा, पण आता तो एका माणसाशी बोलत होता. ज्या वाक्याला तो हात उगारायचा, त्या वाक्याला त्याने हात खाली घेतला. सदाशिवरावांचा चेहरा इतक्या मागून दिसत नव्हता. तरी तिला तो दिसला, कारण जो येत होता तो त्या चेहऱ्याकडे बघत होता आणि बघता बघता बदलत होता.

सदाशिवरावांचं शेवटचं वाक्य अर्ध्या सभागृहापर्यंत आलं. पाच शब्दांचं वाक्य, अजून पाच दिवस होते. तेवढ्यात ते मागच्या भिंतीपर्यंत नेता येईल, असा तिने हिशेब केला आणि तो हिशेब तिला पहिल्यांदाच सोपा वाटला.

पडदा पडला तरी सदाशिवराव पोत्यांवरून उठले नाहीत. रवी घाम पुसत त्यांच्यापाशी गेला.

"सर, कसं झालं माह्यं?"

सदाशिवरावांनी विचार केला. घाई नव्हती त्यांना.

"अजून पटलं नाही मले," ते म्हणाले. "उद्या पुन्हा सांग. मी बसलोच हाय."