विद्यालक्ष्मी मॅमचा तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. कांदे-बटाटे तोलणारा नाही, रसायनशाळेतला. काचेची पेटी, तिच्या आत पितळेची दांडी, दांडीच्या दोन टोकांना दोन चकचकीत पारडी आणि मधोमध अकीक दगडाची बारीक धार. त्या धारेवर माझा सगळा जीव. पारड्यात मिठाचा कण पडला तरी माझा काटा हलायचा. हलायचा म्हणतो, कारण आता तो हलत नाही. का हलत नाही ते सांगण्यासाठी मला माझ्यापेक्षा एका बाईंबद्दलच जास्त बोलावं लागेल.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मला लाकडी खोक्यात घालून, भोवती गवत कोंबून, थेट चेन्नईकडे पाठवलं. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या भागांना क्रोमचा मुलामा देणारा एक कारखाना होता. त्याच्या कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेत मला ठेवलं. आजूबाजूला सगळी तमिळ. मला एक अक्षर कळेना. आंबट वासाची हवा, यंत्रांची घरघर आणि परकी भाषा. फार एकटं वाटायचं.

मग एके सकाळी एक तरुण मुलगी आली. तिने माझं काचेचं दार अलगद वर केलं, चिमट्याने वजन ठेवलं आणि काटा डोलायला लागला तशी पुटपुटली, "उगी राहा रे, उगी. थोडकं थांब."

मराठी! तीही कशी, पुण्यात मी कधी न ऐकलेली, जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तिचं नाव विद्यालक्ष्मी. तिचं घराणं तंजावरकडचं, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिलेलं. आता ती अण्णा नगरमध्ये वडिलांबरोबर राहत होती. आई लवकर गेलेली. वडील राघोत्तमराव कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते. मुलगी रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि कारखान्यात नोकरीला लागली, याचं त्यांना केवढं कौतुक! दुपारी त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवलीस की?"

मुलाम्याच्या टाक्यांमधलं द्रावण तपासायचं, क्षार किती, आम्ल किती ते सांगायचं, हे तिचं काम. खोकला लागायचा, हातांची कातडी सुकायची, तरी ती खुशीत असे. एखादा भाग आरशासारखा चमकून बाहेर आला की तो हातात घेऊन ती स्वतःचं तोंड त्यात बघायची आणि हसायची.

कारखान्याचे मॅनेजर होते मानाजीराव. तेही तंजावरकडचेच. एकदा विद्यालक्ष्मीने कारखान्यामागच्या गटारातलं पाणी आणलं, आटवलं आणि बशीत उरलेला पिवळा गाळ माझ्यावर तोलला. असायला हवा त्यापेक्षा तो कितीतरी जास्त होता. पाणी शुद्ध करणारं यंत्र रात्रंदिवस चालवायला हवं होतं, ते बंद ठेवलं जात होतं.

मानाजीराव प्रयोगशाळेत आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "विद्या, आपण एका गावची माणसं. हा आकडा थोडा खाली आण. तुला कोण विचारायला येतंय?"

तिने रिकामी बाटली उचलली. पुन्हा गटारावर गेली, नवं पाणी आणलं, आटवलं, तोललं. तेच उत्तर आलं.

"सर, दुसरा आकडा तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "माझी सही मिळायची नाही." आणि तिने पेन टेबलावर ठेवलं.

त्यानंतर तिथे राहणं शक्यच नव्हतं. राजीनामा देऊन ती निघाली तेव्हा कारखान्यात नवा विजेवरचा तराजू आला होता आणि मला भंगारात काढलं होतं. निरोपाची भेट म्हणून लोक घड्याळ देतात. तिने मला मागितलं. रिक्षात मला मांडीवर घेऊन ती घरी आली. दारात राघोत्तमराव उभे होते. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बरं केलीस. नोकरी मिळेल दुसरी." आणि माझी पेटी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसली.

दुसरी नोकरी मिळाली ती एका खासगी कॉलेजात, शिकवण्याची. तिथली प्रयोगशाळा म्हणजे फुटक्या बेसिनांची, उघड्या कपाटांची एक अंधारी खोली होती. विद्यालक्ष्मीने तिचं रूप पालटलं. शिकवता शिकवता तिने डॉक्टरेट केली. मला खिडकीपासून दूर दगडी कट्ट्यावर बसवलं आणि मुलांना बजावलं, "याच्याजवळ श्वाससुद्धा हळू घ्यायचा." मुलं खरोखरच श्वास रोखून उभी राहायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं. मुलांचं ऐकून ऐकून मला तमिळही कळू लागली. दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक आमची प्रयोगशाळा बघायला यायचे. मुलं तिला 'विद्या मॅम' म्हणायची आणि तिचा तास कुणी चुकवायचं नाही.

त्या मुलांत हरिणी होती. जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात तिचे वडील मिरचीची पोती उचलायचे. पहिल्याच महिन्यात ती डोळे पुसत आली.

"मॅम, मला कॉमर्सला जायचंय. अप्पा म्हणतात, केमिस्ट्रीला कोण नोकरी देणार?"

"तुझा हात बघितलाय मी," विद्यालक्ष्मी म्हणाली. "असा स्थिर हात सगळ्यांना नसतो गं. राहा तू. मी आहे ना."

हरिणी राहिली. एम. एस्सी. झाली आणि आमच्याच कॉलेजात शिकवायला आली, हंगामी म्हणून. पहिल्या पगारातून तिने मॅमना साडी आणली. त्या दिवशी दोघी प्रयोगशाळेत बसून मुरुक्कू खात होत्या आणि उगाचच हसत होत्या.

मग दिवस फिरले. संस्थेचे जुने चालक वारले आणि त्यांचा मुलगा कौशिक कारभार बघू लागला. सभ्य माणूस, गोड बोलणारा. रसायनशास्त्राला मुलं कमी येऊ लागली होती. आईवडील प्रवेशाला यायचे तेच मुळी संगणकाचे नवे कोर्स विचारत. अशा वेळी कौशिकने विद्यालक्ष्मीला प्राचार्यपद देऊ केलं.

तिचं मन होईना. राघोत्तमराव आता थकले होते, तरी काठी टेकत कॉलेज बघायला आले. माझ्यापाशी उभं राहून म्हणाले, "विद्या, खुर्ची घे. खुर्चीवर बसलीस तर या खोलीला कोण हात लावेल?"

तिलाही तसंच वाटलं. तिने खुर्ची घेतली.

पण झालं उलटंच. मधल्या वर्षांत विभागाला मिळालेली दुसरी प्रयोगशाळा आधी गेली, तिथे संगणक आले. "एक तरी वाचली," ती हरिणीला म्हणाली. मग प्रयोगशाळेतले मदतनीस निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणालाच नेमलं नाही. मग रसायनांची खरेदी थांबली आणि प्रयोग पडद्यावर दाखवायचं ठरलं. दर वेळी ती भांडायची, दर वेळी थोडं सोडून द्यायची आणि उरलेलं वाचवलं म्हणून मनाची समजूत घालायची. माझ्या कट्ट्यावर कुणी छपाईचं यंत्र आणून ठेवलं, तेव्हा तिने मला उचलून स्वतःच्या केबिनमध्ये कपाटावर नेलं. सुरुवातीला ती येता-जाता माझी काच पुसायची. पुढे पुढे तिचं लक्षच जाईना. कामं तरी किती होती तिच्यामागे! केस भराभर पांढरे झाले.

आणि एका दुपारी कौशिक केबिनमध्ये येऊन बसला.

"मॅडम, यंदा केमिस्ट्रीला आलेली मुलं एका बाकावर बसतील. विभाग बंद करावा लागेल."

"मुलं येत नाहीत, कारण आपण त्यांना दाखवायला काही ठेवलंच नाही," ती म्हणाली. "प्रयोगशाळा काढून घेतली तुम्ही. कोण येईल?"

"असेलही तसं," कौशिक शांतपणे म्हणाला. "पण आता ते मागे नेता येणार नाही. हा ठराव आहे. तुम्ही सही केली नाहीत, तर नवे प्राचार्य करतील आणि ते फिजिक्सही ठेवणार नाहीत. तुम्ही असलात तर फिजिक्स राहील. मी शब्द देतो."

तिने पेन उचललं. मी कपाटावरून बघत होतो. मला वाटलं, आता ही पेन खाली ठेवील. कारखान्यात ठेवलं होतं तसं. पण तेव्हा ती एकटी होती, जाणार होती ती तिची एकटीची नोकरी. आता फिजिक्सचे शिक्षक होते, त्यांची घरं होती. तिने सही केली. कौशिकने आभार मानले आणि जाताना दार हळूच लोटून घेतलं.

हरिणीला नोटीस तिने स्वतःच्या हाताने दिली. टपालाने पाठवता आली असती, पण ते तिला बरं वाटलं नाही.

हरिणीने वाचली. रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "मॅम, आता मी काय करू? मला दुसरं काहीच येत नाही."

विद्यालक्ष्मी म्हणाली, "बघू गं मा. मी कुठेतरी शब्द टाकते."

"कुठे मॅम? सगळीकडे तर हेच चाललंय."

हरिणीने नोटिशीची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि "येते मॅम" म्हणून निघून गेली. पुढे कळलं की ती एका दुकानात हिशेब बघते. मॅमचा फोन ती घेत नाही.

हरिणी गेली आणि पाठोपाठ वडिलांचा फोन आला. राघोत्तमरावांना आता ऐकू कमी येत होतं, म्हणून दोघंही मोठ्याने बोलायची आणि मला सगळं ऐकू यायचं.

"जेवलीस की?"

"जेवले, अप्पा." डबा बाजूला तसाच होता.

"तुझी केमिस्ट्री कशी आहे?"

"बरी आहे, अप्पा. छान चाललंय सगळं."

"हां! मी बोललो नव्हतो? खुर्चीवर बसलीस म्हणून."

तिने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतक्या वर्षांत मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. मी नुसता बघत राहिलो.

सुट्टीत प्रयोगशाळा मोडली. बेसिनं फोडून काढली, बाटल्या पोत्यांत भरून नेल्या. विद्यालक्ष्मी तिकडे फिरकली नाही. राघोत्तमराव त्याच पावसाळ्यात गेले, केमिस्ट्री छान चालली आहे असं समजूनच गेले. आणि पुढच्या वर्षी फिजिक्सही बंद झालं. कौशिकने खेद व्यक्त केला. परिस्थिती बदलली, म्हणाला. त्या ठरावावरही तिचीच सही आहे. या वेळी तिने वाद घातला नाही.

मला आता खाली स्वागतकक्षात मांडलंय. शोभेची वस्तू म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून काही मोडू नये म्हणून माझी दांडी आणि पारडी डिंकाने घट्ट चिकटवून टाकली आहेत. माझ्यावर दिव्याचा झोत सोडलाय. पालक माझ्याजवळ उभे राहून मुलांचे फोटो काढतात. मी दिसतो छान, सगळेच म्हणतात. मात्र मी तराजू राहिलेलो नाही.

यंदाच्या प्रवेशाच्या दिवसांत एक मुलगी आईबरोबर आली होती. प्रवेशअर्जांच्या खिडकीशी उभी राहून तिने विचारलं, "इथे बी. एस्सी. केमिस्ट्री आहे का?"

"नाही मा," आतून उत्तर आलं. "बीबीए आहे, डेटा सायन्स आहे."

"मग बीबीए घे," आई म्हणाली. "उन्हात आणखी किती फिरायचं?"

विद्यालक्ष्मी त्याच वेळी काही पाहुण्यांबरोबर जिना उतरत होती. तिने ते ऐकलं. पायरीवरच थांबली. त्या मुलीकडे बघितलं, तोंड उघडलं. मला वाटलं, बोलेल. मग तिने ओठ मिटले, साडीचा पदर सारखा केला आणि पाहुण्यांना घेऊन सभागृहाकडे निघून गेली. मुलीने बीबीएचा अर्ज घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हांला सांगणार नाही. वस्तू भंगारात जातात, जाऊ द्या. पण तुमच्या शाळेत एखादे सर, एखाद्या बाई तुमच्यासाठी एकट्याच भांडत असतील. एखाद्या खोलीसाठी, एखाद्या विषयासाठी, तुमच्या एका तासासाठी. त्यांच्या मागे जाऊन उभे राहा. बोलता आलं नाही तरी चालेल, नुसते उभे राहा. प्रयोगशाळेसाठी भांडताना माझ्या मॅमने मागे वळून बघितलं होतं. मागे कुणीच नव्हतं.