टेंब्यांच्या शिळ्या नोंदी

"शिळी? नोंद शिळी कशी होईल गं? नोंद म्हणजे काय कालचा भात आहे?"

मी जरा जोरातच म्हणाले. देवश्रीच्या हातातला चहा बशीत सांडला. पोरगी गुणी आहे, पुण्याची. बंगळूरच्या त्या टोकाहून, एचएसआर लेआउटहून, दोन बस बदलून बनशंकरीला माझ्याकडे आली होती. पण माझी जीभ मला विचारून चालत नाही, त्याला मी काय करू!

"काकू, तसं नाही. सिस्टिमच तशी आहे. दोन वर्षं कोणी री-चेक केलं नाही की नोंद ग्रे होते आणि मग निघूनच जाते. कंपन्या सारखं पॅकिंग बदलतात ना. चुकीचा डेटा दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा."

"म्हणजे ह्यांनी केलेलं सगळं जाणार."

"जाणार नाही. दुसरं कोणीतरी री-चेक करेल. फक्त..." ती अडखळली. "नाव री-चेक करणाऱ्याचं येईल. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं. फोनवर नको वाटलं."

आमचे हे, पद्माकर टेंबे, सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि या पोरीच्या संस्थेच्या नादी लागले. संस्था म्हणजे एक खोली, चार टेबलं आणि गावोगावचे बिनपगारी लोक. साबण, बिस्किटं, तेल, जे जे दुकानात मिळतं ते कशाचं बनलं, किती लांबून आलं, त्याचं वेष्टण किती वजनाचं, हे मांडून त्या वस्तूचा पृथ्वीवर किती भार पडतो ते काढायचं आणि सगळ्यांना फुकट बघायला ठेवायचं. एकाने वजन करून टाकायचं. दुसऱ्या गावच्या कोणीतरी तीच वस्तू आपल्या दुकानातून आणून ताडून बघायची. जुळलं की नोंद पक्की. खाली एक ओळ येते, 'शेवटची तपासणी', आणि पुढे वजन करणाऱ्याचं नाव.

लोकांच्या दोरीवर कपडे वाळतात, आमच्या दोरीवर बिस्किटांचे कागद वाळायचे. सोनाराकडे असतो तसला काटा माझ्या ओट्यावर. "अहो, जगाचा भार मोजताय, आधी माझ्या ओट्यावरचा कमी करा," असं मी म्हणायचे. हे हसायचे आणि पुढचा कागद धुवायला घ्यायचे. गेल्या वर्षी हृदयाच्या ऑपरेशनला गेले ते परत आले नाहीत.

त्यानंतर रेशनकार्डावरून त्यांचं नाव काढलं, गॅसवरून काढलं, बँकेतून काढलं. प्रत्येक ठिकाणी सही माझीच. या वस्तूंच्या खाली मात्र ते अजून होते. शिवकुमारच्या दुकानात उभं राहून पुड्यावरच्या काळ्या पट्ट्यांवर फोन धरला की त्यांचं नाव यायचं. मी धरायचे. घ्यायचं काही नसलं तरी धरायचे. हे कुणाला सांगितलं नव्हतं, देवश्रीलाही नाही.

"दुसऱ्या कुणाला देऊ नकोस," मी म्हणाले. "मी करते."

"तुम्ही? वॉव काकू! थांबा, तुमचं अकाउंट ओपन करून देते."

"माझं मी बघते. तू चहा घे."

माझ्या डोक्यात काय शिजत होतं ते तिला कुठून कळणार! ह्यांचा फोन माझ्याकडेच होता आणि त्यात ते अजून संस्थेचे स्वयंसेवक होते. त्यांच्या नावाने वजन टाकलं तर नाव त्यांचंच येणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून लागले कामाला. लबाडी केली ती नावापुरती. वजनात फसवलं असतं तर त्यांनी वरून खाली येऊन मला झापलं असतं. तेलाची पिशवी रिकामी करून, धुऊन, वाळवून काट्यावर ठेवली, आकडा टाकला. संध्याकाळी पलीकडून कुणीतरी ताडून 'जुळलं' म्हटलं आणि ओळ आली. पद्माकर टेंबे, आजची तारीख. आजची! मला इतका आनंद झाला की मी एकटीसाठी शिरा केला. मग रोज एखादी वस्तू करू लागले.

आठवडाभराने त्यांच्या फोनवर निरोप आला. निपाणीचे बिंदुमाधव म्हणून एक आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले. ह्यांच्या नोंदी बहुतेक तेच ताडून बघायचे. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांची वजनं तपासली, पण भेट कधी झाली नाही.

'पद्माकरराव! आलात! ऑपरेशनला चाललोय म्हणून लिहिलंत आणि नंतर पत्ता नाही. नको नको ते मनात यायचं, विचारायचा धीर झाला नाही. तुमचं नाव परत दिसायला लागलं तसं हिला हाक मारली, म्हटलं माझा माणूस वाचला. गल्लीत पेढे वाटले बघा.'

माझ्या हौसेपायी निपाणीत एक म्हातारा माणूस पेढे वाटत होता. त्या दिवशी मी काट्याला हात लावला नाही. उत्तर काय लिहू, सुचेना. दुसऱ्या दिवशी त्यांचाच परत निरोप आला. 'ताकद नसेल तर लिहू नका. आराम करा. वजनं कुठं पळून जात नाहीत.'

आता मात्र राहवेना. त्याच फोनवरून त्यांना फोन लावला. लावल्यावर लक्षात आलं की तिकडे नाव कोणाचं दिसणार.

"बोला की पद्माकरराव!" काय तो आवाज! लहान पोरासारखा.

"मी वीणा बोलतेय. त्यांची बायको."

"वहिनी व्हय! नमस्कार, नमस्कार. त्यांना बोलायला त्रास होतोय का? राहू दे, बोलायला लावू नका."

"अण्णा," माझ्या तोंडून माहेरचं, चामराजपेटेतलं अण्णाच निघालं. "ते नाहीत हो. ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. वर्ष झालं."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"मग ही वजनं कोण टाकत होतं?"

"मी. त्यांचं नाव जाऊ नये म्हणून."

"वजनं खरी होती?"

"वजनं खरी. नाव तेवढं खोटं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"वहिनी, आता गल्लीत काय सांगू मी?" ते हळूच म्हणाले. "वाचलेला माणूस गेला म्हणून सांगू?"

मला रडू फुटलं. दिवस करतानाही अशी रडले नव्हते. "चुकलं माझं अण्णा. चुकलं."

"रडू नका. मी तरी काय शहाणा? नंबर होता की माझ्याकडं. वर्षभर भिऊन लावला नाही." मग फोन ठेवताना म्हणाले, "पुढचं वजन टाकाल तेव्हा मला कळू दे. दुसऱ्या कुणाला ताडू देणार नाही."

सकाळी शिवकुमारकडे जाऊन ह्यांचा तो नेहमीचा चंदनाचा साबण मागितला. "अक्का, नवीन पॅकिंग. रेट तेच, साबण स्वल्प लहान," तो त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. पुठ्ठ्याची डबी गेली होती, त्याजागी चकचकीत प्लॅस्टिक आलं होतं.

घरी येऊन देवश्रीला फोन केला, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "या आठवड्यात त्यांच्या नावाने टाकलेलं सगळं काढून टाक. त्यांचं खातंही बंद कर."

"अहो काकू, वजनं करेक्ट आहेत ना? मग राहू देत. कोणाला काय कळतंय!"

"नको. आता माझ्या हातात जो साबण आहे ना देवश्री, तो त्यांनी कधी बघितलेलाच नाही."

मग तिने मला फोनवरूनच माझं खातं उघडायला शिकवलं. नाव आणि आडनाव, असे दोनच चौकोन.

"मधलं नाव कुठे लिहू?"

"मधलं लागत नाही, काकू."

"तुला लागत नसेल. मला लागतं."

लग्नातला उखाणा सोडला तर त्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. पहिल्याच चौकोनात 'वीणा पद्माकर' असं लिहून टाकलं, दुसऱ्यात टेंबे. साबणाचं प्लॅस्टिक काट्यावर ठेवलं, आकडा टाकला, निपाणीला कळवलं.

दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला. 'जुळलं, वहिनी.'

साबणाचं पान उघडलं. ह्यांचं नाव गेलं होतं आणि त्याच जागी माझं आलं होतं. ओळीत ते मावत नव्हतं, म्हणून टेंबे तेवढं खाली गेलं होतं. वर आम्ही दोघं होतो.