मालकीणबाईंनी सांगितलेले शेवट

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. दोन माणसांचा. तिसरं कुणी दाटीवाटीने बसलंच तर मधल्याला माझी फळी टोचते आणि ते आपोआप उठतं. त्यामुळे माझ्यावर कायम दोघंच बसत आली.

एका सुताराने माझा सांगाडा ठोकला, गादीवाल्याने स्प्रिंगा बसवल्या, वर काथ्या आणि कापूस भरला आणि तपकिरी कापड ताणून खिळे मारले. मग मी दुकानात उभा राहिलो. माणसं यायची, बसून जोखायची, किंमत ऐकून नाक मुरडायची आणि जायची. एके दिवशी एक जोडपं आलं. तो सलून चालवणारा, ती घरी कपडे शिवणारी. "अहो, जरा पाठ टेकून बघा," ती म्हणाली. त्याने पाठ टेकली आणि त्याचा डोळा लागला. दुकानदार आपला माझं गुणगान करतच राहिला. "हाच घेऊ," ती म्हणाली. "यांना झोप लागली." माझी निवड अशी झाली, आणि ते दोघं माझे मालक आणि मालकीणबाई झाले.

सलूनला सुट्टी असेल त्या दिवशी दुपारचं जेवण झालं की दोघं माझ्यावर बसून टीव्हीवर सिनेमा बघायचे. मालक खिडकीच्या बाजूला, मालकीणबाई दाराच्या बाजूला, हातात टीप घालायला एखाद्याची पँट घेऊन. मालकांना सिनेमाचं भारी वेड. पण आठवडाभर उभं राहून काम करणारा माणूस जेवून बसल्यावर किती वेळ जागा राहणार? मध्यंतराच्या आसपास त्यांची मान माझ्या पाठीवर यायची. ते झोपायचे ते थेट चहाच्या वासाने उठायचे.

उठल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असे. "अगं, पुढे काय झालं?"

मग मालकीणबाई उरलेला सिनेमा सांगायच्या. मालक चहा पीत लहान मुलासारखे ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये गिऱ्हाइकांच्या डोक्यावर कात्री चालवत त्या सिनेमाविषयी छाती ठोकून मत द्यायचे. ते मत केस कापण्याबरोबर फुकट मिळे. नट कुठे चुकला, गाणी कशी विनाकारण घुसडली, खलनायकाचे केस कुणी कापले असतील त्याला कात्री तरी धरता येते का, असं सगळं. संध्याकाळी हेच मुलीला फोनवर ऐकवायचे. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची. बाबांनी ज्याला नावं ठेवली तो सिनेमा हमखास चांगला असतो, असं तिचं पक्कं मत होतं, आणि ती तेच सिनेमे निवडून बघायची.

आता एक गोष्ट सांगतो. ती फक्त मला आणि मालकीणबाईंना ठाऊक होती. फार पूर्वी एका सिनेमात शेवटी कुत्रा मेला. मालकीणबाईंनी तो जसाच्या तसा सांगितला. मालकांनी चहा तसाच ठेवला, रात्री नीट जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये तोंडाला कुलूप. मालकीणबाईंनी तेव्हा कानाला खडा लावला. त्यानंतर मालक झोपलेले असताना एकाही सिनेमात कुणी मेलं नाही. बुडालेली माणसं पोहून वर आली, चुकलेल्या गाड्या फलाटावर थांबून राहिल्या. सगळं मालकीणबाईंच्या पदरचं. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो, नाहीतरी सोफ्याला दुसरं काय जमतं.

त्यातला एक सिनेमा कपाटाचा होता. एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर आईचं कपाट ट्रकवर लादून लांबच्या गावी भावाकडे निघतो. भाऊ वर्षानुवर्षं बोलत नसतो. ट्रक डोंगरात शिरला आणि मालक घोरायला लागले. मालकीणबाईंनी पुढचा सांगितला तो असा: भाऊ दार उघडतो, म्हाताऱ्याकडे बघतच नाही, कपाटाकडे बघतो आणि म्हणतो, "हे असं आत जायचं नाही, आडवं धर." आणि दोघं म्हातारे धापा टाकत ते आत नेतात.

मालकांना हा शेवट इतका आवडला की सलूनमध्ये दुसरा विषय नाही. "काही रडारड नाही, मिठ्या नाहीत. आडवं धर, बस्स. याला म्हणतात सिनेमा." खुर्चीत दाढीला बसलेले पोस्टमन म्हणाले, "अहो, कपाट ट्रकवरच राहतं की शेवटी." मालक म्हणाले, "तुम्ही झोपला असाल." गळ्याशी वस्तरा असल्यामुळे पोस्टमननी वाद वाढवला नाही. घरी येऊन मालकांनी हे हसत हसत सांगितलं, मग फोनवर मुलीलाही. मालकीणबाई सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मग मालकीणबाईंना ताप आला. इस्पितळात नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत.

याबद्दल मी काय सांगू? माणसं आली, माझ्यावर बसली, उठून गेली. मुलगी काही दिवस राहिली आणि तिच्या नोकरीवर परतली. माझी दाराकडची बाजू हलकी झाली आणि हळूहळू तिथे टॉवेल, कंगव्यांचा डबा, वर्तमानपत्रं साचली. मला धड वाईटही वाटेना. एकाच कुशीवर फार वेळ झोपलं की हात बधिर होतो, मग तो आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं होतं.

मालकांचंही तेच. ते रडले नाहीत. सलून वेळेवर उघडायचे, सुट्टीच्या दुपारी टीव्हीपुढे बसायचे, जो सिनेमा लागेल तो बघायचे. फक्त आता त्यांना झोप येत नव्हती. डोळे उघडे ठेवून ते सिनेमा पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत बघायचे. विनोदावर हसायचे नाहीत, मारामारीत सरसावून बसायचे नाहीत. संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. मालक तो मोठ्या आवाजावर लावून माझ्या हातावर ठेवायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"बाबा, आज काय बघितलंत?"

"होता एक."

"कसा होता?"

"ठीक."

"गोष्ट काय होती?"

"होती काहीतरी."

दर वेळी ठीक. रडका सिनेमा ठीक, हाणामारीचाही ठीक. सलूनमध्येही गिऱ्हाइकांनी विचारणं सोडून दिलं होतं, असं मालकांनीच एकदा मुलीला सांगितलं. तेही कुणा तिसऱ्याविषयी सांगावं तसं. एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, एखादा तरी वाईट आहे म्हणा हो. शिव्या द्या. तुम्ही ठीक म्हणालात की मला भीती वाटते." मालक म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

मलाही तीच भीती होती. मत हरवलेला माणूस जिवंत असतो, पण घरी नसतो. मी त्यांना रोज पाठीवर घेत होतो आणि तरी ते तिथे नव्हते.

आणि एका सुट्टीच्या दुपारी कपाटाचा सिनेमा पुन्हा लागला. मालकांना ते बराच वेळ कळलंही नाही. ट्रकवर कपाट चढलं तेव्हा ते किंचित पुढे सरकले. माझ्या मात्र स्प्रिंगा आवळल्या. मला वाटलं, आता डोळा लागू दे. मी जमेल तेवढा मऊ झालो. पण मालक टक्क जागे. मालकीणबाई आपल्याशी खोटं बोलत होत्या हे त्यांना आज कळणार, आणि त्यांच्यापाशी जे काही उरलंय त्यातलं हेही जाणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

ट्रक डोंगर उतरला. म्हाताऱ्याने भावाचं घर शोधलं. दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली आणि म्हणाली, परवाच गेले. म्हातारा थोडा वेळ पायरीवर बसला, मग उठला आणि कपाटासकट ट्रक माघारी वळवला. पडद्यावर नावं वर सरकू लागली.

मालकांनी मान दाराच्या बाजूला वळवली आणि टॉवेलांच्या ढिगाला विचारलं, "अगं, आणि कपाट?"

टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. अंधारून आलं, तरी मालकांनी उठून दिवा लावला नाही. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो नेहमीसारखा माझ्या हातावर ठेवला.

"बाबा, आज काय बघितलंत?"

"तो कपाटाचा."

"अरे वा, तुमचा आवडता. कसा वाटला?"

मी ठीकची वाट बघत होतो.

"भिकार," मालक म्हणाले.

"काय म्हणालात?" मुलीने विचारलं.

"एवढ्या लांबून माणूस ट्रक चालवत आलाय. आणि दाराला कुलूप? दोन दिवस आधी निघाला असता तर काय बिघडलं असतं? दिग्दर्शकाला अक्कल नाही. हा काय शेवट झाला?" त्यांचा आवाज चढला होता आणि ते माझ्या हातावर मूठ आपटत होते. मला ते दुखलं, आणि दुखलं याचंच बरं वाटलं. "तुझ्या आईने सांगितलेला शेवट किती साधा होता. आडवं धर. संपलं. एवढंसुद्धा त्यांना सुचलं नाही."

"आईने?" मुलगी म्हणाली. मग तिला हळूहळू उमगलं असावं. "म्हणजे पोस्टमनकाका बरोबर होते."

"होता बरोबर. पण मी त्याला सांगायला जाणार नाही."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिचा आवाज भरून आला. मालकही आता डोळे पुसत होते, सदऱ्याच्या बाहीने, कारण टॉवेल घ्यायला हात पुढे करायचं त्यांना सुचलं नाही.

"बाबा, बाकीचे सिनेमे? तेही पुन्हा लागतीलच की कधीतरी."

"लागू देत. मला त्यांचे शेवट माहीत आहेत."

मित्रांनो, माझं कापड विरलं आहे, एक स्प्रिंग बाहेर आली आहे, पण मला नवीन करा असं मी म्हणणार नाही. मागणं एवढंच आहे. तुमच्या घरी कुणी सिनेमा कसा होता ते सांगू लागलं, तर हातातलं ठेवून ऐका. चुकीचं सांगत असेल, तरी ऐका.